काळी तीन

मे महिन्यात नागपुरात संगीताचा महोत्सव भरवायचा, ही कल्पना पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आली त्याला नक्की ऊन लागलेलं असणार. पुण्याकडे म्हणे गुलाबी थंडीत शाली पांघरून गाणं ऐकतात. आमच्याकडे लोक तोंडाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून, पाण्याची बाटली मांडीवर धरून ऐकतात. बाहेरच्या मोठ्या कलाकारांचा मे महिन्यात नागपूरचं नाव काढलं की लगेच घसा बसतो. एरवी आम्ही इथले लोक म्हणजे घर की मुर्गी दाल बराबर, पण उन्हाळ्यात दुसरं कुणी मिळतच नाही, म्हणून हा महोत्सव आपोआप विदर्भातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा झाला. सकाळी ऊन चढायच्या आत शास्त्रीय, आणि संध्याकाळी पोरापोरींचे बँड, गिटारी आणि काय काय.

त्या वर्षी आयोजकांचा फोन आला तेव्हा मी पन्ह्यासाठी कैरी उकडत ठेवली होती. "मॅडम, रविवारचं सकाळचं सत्र तुमचं. तोडी ऐकायची आहे तुमची," पलीकडचा मुलगा म्हणाला. मी म्हणाले, "बरं." फोन ठेवला. बरं काय बरं? कुणाला विचारून बरं? भांड्यातलं पाणी आटून कैरी करपली, घरभर वास सुटला, तरी मी ओट्यापाशी तशीच उभी.

दीड वर्षापूर्वी माझ्या गळ्यातली एक गाठ काढली होती. आवाजाची नस अगदी तिथूनच जाते, पण आम्ही जपून केलंय, आवाज येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आला. बोलण्याचा आला. भाजीवाल्याशी भांडण्यापुरता तर पहिल्या महिन्यातच आला. गाण्याचा मात्र येतो-येतो म्हणत दारातच उभा राहिला. आत यायला तयार नाही आणि जायलाही तयार नाही.

आता हे सांगायला हवं की गाणाऱ्या माणसाची एक पट्टी असते. पेटीवरच्या ज्या सुराला तो आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. त्याच पट्टीतला वरचा सा म्हणजे तार षड्ज. माझी काळी चार. पेटीवरची चौथी काळी. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी तिथेच गात आले. गावात मला लोक त्याच नावानं ओळखायचे, 'ती काळी चारवाली'. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, पत्ता महालातून धरमपेठेत आला, घरातली भाषा बदलली, चहातली साखरसुद्धा बदलली. पट्टी नाही बदलली.

म्हणून त्या दिवशी मी पेटीवाल्या भाऊंना फोन केला. भाऊ म्हणजे माझ्या गाण्याला पहिल्यापासून पेटीची साथ करणारे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मला ताई म्हणतात, वयानं माझ्यापेक्षा मोठे असून. मी त्यांना सांगितलं, "भाऊ, काळी चारमध्ये तार षड्ज लागला तर मी गाईन. नाही लागला तर तंबोऱ्याला खोळ घालीन, आणि ती पुन्हा काढणार नाही. संपलं."

"ताई, शपथा नका घालू," भाऊ म्हणाले. "उन्हाळ्यात शपथा लवकर नासतात."

"मी मस्करी करत नाहीये."

"मी बी नाही करून राहिलो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या दिवसांत मला कुणाचाही राग येत होता.

रियाजाला वेळ उरायची ती दुपारचीच. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यामुळे मे महिन्यात थोडी रजा मिळते. सकाळी घरचं काम आणि संध्याकाळी येणारे-जाणारे. दुपारी मात्र गल्लीत चिटपाखरू नसतं. सगळ्यांच्या खिडक्या बंद आणि सगळ्यांचे कूलर सुरू. आमचा कूलर मधल्या खोलीच्या खिडकीत आहे, मोठा पत्र्याचा, लग्नाच्या वेळचा. मी समोरच्या खोलीत सतरंजी टाकून बसते, मधलं दार उघडं ठेवते आणि हवा माझ्यापर्यंत येते. या कूलरची एक गंमत आहे. तो फुल्लवर असला की त्याच्या पंख्याचा जो सूर लागतो, तो बरोबर काळी चारचा षड्ज. हे फार पूर्वी भाऊंनीच शोधून काढलं होतं, पेटीवर बोट ठेवून. तेव्हापासून उन्हाळ्यात मी तंबोरा पेटीवर लावतच नाही, कूलरवर लावते. ऐकणारे हसतात. हसू देत. नागपुरात चार महिने कूलरच्या आवाजातच जगायचं, तर त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

मधल्या खोलीत उन्हाळ्यापुरती सासूबाईंची खाट असते. त्या नरखेडकडच्या. तिकडे दिरांच्या संत्र्याच्या बागा आहेत. एकदा ऊन तापलं की त्या एसटीत बसून आमच्याकडे येतात, "डोये दाखवायले". डोळे एका दिवसात दाखवून होतात आणि मुक्काम मृग लागेपर्यंत असतो. माझं गाणं हा त्यांच्या मते एक आजार आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी दारातून डोकावून विचारलं होतं, "काहून वं, येवढी आ आ करून राहिली? पोट दुखून राहिलं का?" तेव्हापासून आजतागायत त्या माझ्या एकाही कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. "मले नाई समजत ते," म्हणायच्या. मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं.

तर त्या दुपारी मी तंबोरा घेतला, डोळे मिटले, कूलरचा सूर कानात घेतला, त्यावर तारा मिळवल्या आणि भीत भीत सा लावला. लागला. मग रे, मग तोडीचा तो उतरलेला गंधार. तोही लागला. वर चढायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी धैवतापर्यंत गेले. मग निषाद. आणि त्यानंतर एका दुपारी, पायऱ्या चढताना माणूस न बघता शेवटची पायरी चढून जातो तशी मी तार षड्जावर जाऊन उभी राहिले. आवाज हलला नाही. मी तंबोरा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. परत आला! माझा आवाज परत आला!

आता याच्यावर माणसानं आनंदानं शांत व्हावं की नाही? मी आणखीच बेचैन झाले. रोज दुपारी तिथे जाऊन यायचं, तो आहे ना ते बघायचं. जेवताना उठून स्वयंपाकघरात जायचं, एक सूर लावायचा आणि परत ताटावर येऊन बसायचं. नवरा म्हणाला, "पायाला भिंगरी लागली काय तुझ्या? जेव ना." झोपेत मी गात असते म्हणे. नवतपा सुरू झाला होता, ते नऊ दिवस नागपुरात माणसं भाजून निघतात. मला घामाच्या धारा लागायच्या. कूलरची हवा यंदा कमी येते, ताट्या बदला, वाळा जुना झाला, म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले होते. तो म्हणायचा, "रात्री तर मस्त गार हवा येते." मी म्हणायचे, "तुम्हाला काय, तुम्ही घोरत असता." त्यावरूनही भांडलो.

एक गोष्ट मी केली नाही. कपाटातली पेटी काढली नाही. भाच्यानं माझ्या फोनमध्ये सूर दाखवणारं एक ॲप टाकून दिलं होतं, तेही उघडलं नाही. कशाला उघडायचं? तंबोरा लागलाय, आवाज लागलाय, बास. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मी कोंबडं झाकून वर ठाण मांडून बसले होते.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ पेटी घेऊन तालमीला आले. पन्हं प्यायले, घाम पुसला, भाता उघडला आणि एक बोट दाबलं. मी तंबोरा छेडला. कानात वाळू गेल्यासारखं झालं. भाऊंनी बोट उचललं, परत दाबलं. परत तेच.

"ताई," ते म्हणाले, "तंबोरा काळी तीनमध्ये हाय."

"काहीतरीच काय. तुमची पेटी चढली असेल. उन्हानं."

"पेटी कशी चढंल? पेटी काय दारू पिते?"

"मग तुमचे कान बघा. रोज दुपारी मी याच सुरात गाते आहे. तार षड्ज लागतो माझा. ऐकायचाय?"

आणि मी गायले. तोऱ्यात गायले. तार षड्ज लागला, स्वच्छ, न हलता. भाऊंनी तो पेटीवर शोधला. त्यांचं बोट काळी चारवर नव्हतं, तिसऱ्या काळीवर होतं. एक आख्खा सूर खाली. मी फोन काढला आणि ते ॲप उघडलं. फोननंही तेच सांगितलं. "फोनलाही ऊन लागलं असेल," मी म्हणाले.

मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मी उठले आणि मधल्या खोलीत गेले. सासूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. कूलरचं बटण मध्यमवर होतं. मी ते फुल्लवर फिरवलं. पंखा घरघरला, सूर वर चढला, आणि तिकडच्या खोलीतून भाऊंनी काळी चार दाबली. दोन्ही सूर एक झाले. त्या क्षणी मला कळलं की इतके दिवस मी कुणाच्या तरी फिरवलेल्या बटणावर माझा आवाज परत मिळवला होता.

मी परत येऊन बसले. तंबोरा काळी चारला चढवला. भाऊ म्हणाले, "आज राहू द्या ताई." मी ऐकते काय! गायला लागले. धैवतापर्यंत ठीक होतं. निषादावर कापरं भरलं. त्याच्या वर आवाजच नाही, नुसती हवा. पुन्हा केलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा भाऊंनी भाता मिटला.

"काळी तीनमध्ये गा," ते खाली बघत म्हणाले. "किती गोड लागून राहिलं होतं ते. काय बिघडलं त्यानं?"

"तुमचं घर कुणी दुसऱ्याच्या नावावर केलं आणि म्हणालं, राहा की यातच, काय बिघडलं, तर चालेल तुम्हाला?"

"ताई, घर नाही ते."

"तुम्हाला काय कळणार! तुम्ही बोटं सरकवता. इथली तिथे ठेवता. माझा गळा आहे, गळा!" मी फार वाईट बोलले त्यांना. ते पेटी उचलून निघाले. दारात म्हणाले, "रविवारी सकाळी मी येऊन बसतो मंचावर. तुम्ही आल्या तर साथ करीन, नाही आल्या तर पन्हं पिऊन घरी जाईन." गेले.

नवरा घरी आला तो माझ्या तावडीतच सापडला. कूलर हळू कोणी केला? विजेच्या बिलासाठी केला ना? एवढी काटकसर? माझ्या जिवाशी खेळलात! तो बिचारा पायातला जोडा काढता काढता तसाच थांबला. "मी कशाले हात लावू? मी तर दिवसभर ऑफिसात राहतो. आन् कूलर हळू केल्यानं जिवाशी कसं खेळणं होते, हे तरी सांग." ते त्याला सांगायचं कसं, तेच मला कळेना. मधल्या खोलीत लसूण सोलणं चालूच होतं.

शनिवारी मी ठरवूनच उठले. गायचं नाही. आयोजकांना फोन केला, कुणी उचलला नाही. परत केला. मग स्कूटी काढली, दुपट्ट्यानं तोंड-डोकं बांधलं, डोळे तेवढे उघडे ठेवले आणि भर दुपारी सभागृह गाठलं. तोंडावर सांगून टाकू म्हटलं. एक घाव दोन तुकडे.

आत मंचावर संध्याकाळच्या बँडची तालीम चालली होती. केस बारीक कापलेली एक मुलगी, असेल विशीतली, माइकपाशी उभी होती. दोन ओळी गायली, खोकली आणि कीबोर्डवाल्याला म्हणाली, "यार, आज घसा बरोबर नाही. दोन खाली घे न." त्यानं एक बटण दाबलं. बास. एक बटण! आख्खं गाणं खाली आलं आणि ती पुन्हा गायला लागली, मान डोलवत, पायानं ठेका धरत, जसं काही झालंच नाही. कुणी तिच्याकडे वळून बघितलं नाही. कुणाला दुःख झालं नाही. मी मागच्या रांगेत दुपट्टा बांधलेली तशीच उभी होते, चोरासारखी. मला त्या मुलीचा राग आला. पट्टी म्हणजे काय पंख्याचं बटण आहे, वाटेल तसं फिरवायला? आणि खरं सांगते, मला तिचा हेवाही वाटला.

आयोजक मुलगा धावत आला. "मॅडम, तुम्ही या उन्हात? काही लागत होतं का?"

"उद्याचं..." मी म्हणाले.

"उद्याचं सगळं तयार आहे मॅडम. तिकिटं संपली सकाळची. तुमच्यासाठी काटोल, वर्धा, कुठून कुठून लोक येऊन राहिले. तुम्ही दीड वर्ष गायल्या नाही न."

कारण काय सांगू? तब्येत बरी नाही म्हणू? तब्येत उत्तम होती. "उद्या किती वाजता पोचू तेवढं विचारायला आले होते," असं काहीतरी बरळले आणि बाहेर पडले. स्कूटीची सीट तव्यासारखी तापली होती. तशीच बसले.

घरी आले तर कूलर फुल्लवर घरघरत होता आणि सासूबाई मधल्या दाराच्या चौकटीत पाय पसरून बसल्या होत्या. मला पाणी दिलं. मी प्याले.

"कूलर म्या हयू करत होती," त्या म्हणाल्या.

मी ग्लास खाली ठेवला. "तुम्ही? का?"

"तू बसली का म्या बटन हयू करे. उठली का पुन्हा फुल्ल करे."

"पण का, आई? गुडघे दुखतात म्हणून? मला सांगायचं ना, मी चादर दिली असती!"

"गुडघे कायचे," त्या म्हणाल्या. "फुल्लवर असला का तुयं गाणं आयकू येत नाई मले. नुसतं घर्र घर्र. मंग हयू केला का बरोबर येते आयकू."

ही बाई दर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. निदान मला तरी तसंच वाटायचं.

"तुम्हाला तर समजत नाही ना ते?"

"समजत नाईच. समजा लागते काय? पयलेचं तुयं गाणं कानाले टोचे. लय वर जाये तू, मले जीव घाबरल्यावानी होये. यंदा तसं नाई होऊन राहिलं. यंदा गोड वाटून राहिलं. म्या म्हटलं, पोरगी सुधरली."

सुधरली! वीस-बावीस वर्षं जिनं माझ्या गाण्याला पोटदुखी म्हटलं, तिला माझा मोडलेला आवाज गोड वाटत होता. मला हसू आलं पाहिजे होतं. मी चिडले. "आई, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय केलंत. तुमच्यामुळे मला वाटलं की मी बरी झाले." असं ओरडून मी आत गेले आणि दार आपटलं. संध्याकाळी चहा झाला, स्वयंपाक झाला, कुणी कुणाशी बोललं नाही. मी घरात येरझारा घालत होते. गाईन, नाही गाईन. तंबोऱ्याची खोळ काढली, घातली, परत काढली. नवरा एकदाच म्हणाला, "तू बस तरी कुठं." बसायला जागाच नव्हती, म्हणजे खुर्च्या होत्या, पण माझ्यासाठी नव्हती.

रविवारी सकाळी मी साडी नेसून बाहेर आले तर सासूबाई नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, चप्पल घालून दारात तयार. "मी बी येतो," म्हणाल्या. मी नको म्हणाले नाही. या म्हणायचीही माझी मनःस्थिती नव्हती. नवऱ्यानं तंबोरा गाडीत ठेवला. मी अजून काहीच ठरवलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मंचाच्या पायऱ्या चढेपर्यंत ठरवलं नव्हतं. काळी चारमध्येच बसायचं, वर जायचंच नाही, मध्यसप्तकात फिरत राहायचं, कुणाला काय कळतंय, असाही एक विचार डोक्यात घोळत होता.

सभागृह भरलं होतं. जुनी ओळखीची माणसं पुढच्या रांगांत, हातपंखे, पाण्याच्या बाटल्या. भाऊ खरंच येऊन बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी नमस्कार केला. निवेदिका उभी राहिली आणि माझी ओळख वाचू लागली. कधीकाळची, जुनीच. तिनं वाचलं, "काळी चारसारख्या उंच पट्टीत लीलया संचार करणारा, तार सप्तकात तळपणारा त्यांचा आवाज..." टाळ्या वाजल्या. मी मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते आणि मला वाटलं, कुणीतरी माझ्या मागे बसलेल्या बाईबद्दल बोलतंय. मी वळून बघायचीच बाकी होते. ती बाई तिथे नव्हती.

टाळ्या थांबल्या. भाऊंनी हळूच विचारलं, "ताई, काळी चार?" बोट त्यांनी अजून कुठेच ठेवलं नव्हतं. मी मान हलवली असती तर त्यांनी चौथी काळी दाबली असती आणि शेवटपर्यंत मला सांभाळून नेलं असतं, एवढं मला माहीत होतं.

"काळी तीन," मी म्हणाले. माइक सुरू होता. सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं, ते मला दिसलं. माझे कान तापले. मग मी माइकच जवळ ओढला आणि म्हणाले, "आत्ता ज्या आवाजाबद्दल सांगितलं, तो माझाच होता. ऑपरेशननंतर तो राहिला नाही. आता मी काळी तीनमध्ये गाते." पुढे काहीतरी चांगलं बोलावं असं वाटलं, पण सुचलं नाही. तारा मिळवल्या.

गायले. पहिला सा लावला. गंधारावर आले तेव्हा पुढच्या रांगेतले एक जण सवयीनं "वाहवा" म्हणायला गेले आणि मध्येच थांबले. ते थांबणं मला लागलं. रागाच्या भरात मी बढत, म्हणजे एकेका सुरानं वर चढणं, जरा घाईनं केली. भाऊंनी पेटीवर मला मागे ओढलं, हळू ताई, हळू. मग एका जागी मी खाली मंद्रात उतरले आणि तिथे पायाखाली जमीन लागली. या आवाजाला खाली जागा होती. मी तिथे बराच वेळ बसले. मग वर जायची वेळ आली. सगळं सभागृह वाट बघत होतं, आणि ते कशाची वाट बघतायत हे मला ठाऊक होतं, कारण मीही दीड वर्षं त्याचीच वाट बघत होते. निषादावरून मी वर गेले. षड्ज लागला. स्वच्छ लागला, न कापता लागला. पण तो नव्हता. तो उजेडासारखा चमकून जायचा. हा भरलेला होता, जरा सावळा होता, आणि जागचा हलत नव्हता. टाळ्या वाजल्या तेव्हा मी डोळे उघडले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला आले. एक जुने रसिक, माझ्या अगदी पहिल्या कार्यक्रमापासून येणारे, पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "उत्तम झालं हो. आणि मनाला लावून घेऊ नका. आवाज परत येईल. पुढच्या उन्हाळ्यात आपण परत तुमची काळी चार ऐकू."

"आलाय," मी म्हणाले. "हाच आहे."

म्हणाले खरी, ताठ मानेनं म्हणाले. त्यांना नमस्कार केला, भाऊंना नमस्कार केला, शुक्रवारच्या बोलण्याबद्दल तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "पन्हं फार गोड करतात इथं, दात किटले." मग आम्ही गाडीत बसलो. नवरा पुढे, मी आणि सासूबाई मागे. गाडी भट्टीसारखी तापलेली. दार लावलं आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदक्यांवर हुंदके. ऑपरेशन झालं तेव्हा मी रडले नव्हते. टाके काढताना नाही, पहिल्यांदा सा लावला आणि नुसती हवा आली तेव्हाही नाही. येणारच आहे म्हटल्यावर कशाला रडायचं, असं मला वाटायचं.

नवऱ्यानं घाबरून मागे बघितलं. "आता काय झालं? येवढ्या टाळ्या पडल्या! चांगलं तर गायली तू. काहून रडून राहिली?"

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. "तू गाडी चालव गा," त्या त्याला म्हणाल्या. "मेल्यामागं रडा लागते."